खडे आहेत, पण दुखत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका ४६ वर्षांच्या बाईंनी लिहिलं आहे. नेहमीच्या आरोग्य तपासणीत सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात खडे दिसले. बरेच आहेत, सगळ्यांत मोठा ८ मिलिमीटरचा. पित्ताशयाची भिंत जाड झालेली नाही, पित्तनलिका फुगलेली नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत. पोटात कळ अशी कधी आली नाही. जेवणानंतर पोट फुगणं आणि करपट ढेकर मात्र कितीतरी वर्षांपासून आहेत. सर्जन म्हणाले, "आज ना उद्या काढावंच लागणार. दुर्बिणीतून करू, दुसऱ्या दिवशी घरी." जाऊबाईंचं हेच ऑपरेशन झालेलं आहे. त्या म्हणतात, "करून टाक गं, चार भोकं पडतात, कळतसुद्धा नाही." उलट या बाईंच्या आईला बऱ्याच वर्षांपूर्वी वारंवार कळा येत असूनही 'सहन होतंय तोवर थांबू' असं सांगितलं जात राहिलं. शेवटी पित्ताशयात पू झाला आणि एका रात्री घाईघाईनं पोट उघडावं लागलं. बाई विचारतात: "आईच्या वेळी टाळलं जाणारं ऑपरेशन आज घरोघरी कसं झालं? आजार वाढला की ऑपरेशन वाढलं? डॉक्टरांवर संशय घ्यायचा नाही, पण मन तयार होत नाही. मी काय करू?"

ताई,

आजार वाढला की ऑपरेशन वाढलं, हा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे. तुमच्या अडचणीची गाठ तिथंच आहे असं मला वाटतं. म्हणून आधी त्याच्याकडे वळते आणि मग तुमच्या रिपोर्टकडे येते.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख या सर्जननी १८८२ साली बर्लिनमध्ये केली. पुढची शंभर वर्षं तिचं स्वरूप फारसं बदललं नाही. उजव्या बरगडीखाली वीतभर छेद, आठवडाभर रुग्णालयात मुक्काम, आणि कामावर रुजू व्हायला महिना-दीड महिना. छेद पोटाच्या स्नायूंतून जायचा, त्यामुळे खोल श्वास घ्यायला आणि खोकायलाही दुखायचं. म्हातारी माणसं, मधुमेही, हृदयरोगी हे ऑपरेशन टाळत आणि त्यांचे डॉक्टरही टाळत. खडे असूनही 'बघू पुढे' म्हणत जगणाऱ्यांची संख्या मोठी होती. तुमच्या आई त्यांतल्याच एक.

मग १९८५ साली जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावात एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. तिथल्या सर्जन मंडळींनी सुरुवातीला त्यांना गंभीरपणे घेतलंच नाही. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं शहरात फिलिप मूरे यांनी हेच केलं. त्यानंतर पॅरिस, बोर्दो आणि अमेरिकेतली काही रुग्णालयं, असं करत हे तंत्र वणव्यासारखं पसरलं. एरवी नवं औषध आलं की आधी जुन्याशी रीतसर तुलना होते. इथं तसं काही व्हायच्या आत लोकच दुर्बिणीचं ऑपरेशन मागायला लागले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९२ साली तज्ज्ञांची परिषद भरवून ही पद्धत बहुतेक रुग्णांसाठी सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं सांगितलं, तोवर ती सर्रास रूढ झालेली होती.

आता आकड्यांकडे बघा, कारण तुमच्या शंकेचं उत्तर त्यांत आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९८७ ते १९८९ या काळात दर हजार लोकांमागे वर्षाला १.६९ जणांचं पित्ताशय काढलं जायचं. १९९२ साली हा आकडा २.१७ झाला, म्हणजे २८ टक्के वाढ. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका मोठ्या आरोग्यविमा योजनेच्या सभासदांमध्ये १९८८ साली हजारी १.३५ असलेलं प्रमाण १९९२ पर्यंत २.१५ वर गेलं. इतक्या थोड्या वर्षांत माणसांच्या पोटातले खडे काही दीडपट होत नाहीत. वजनं वाढली, आयुष्य वाढलं, त्यानं खडे वाढतात हे खरं; पण ती चाल गोगलगायीची असते. आजार जवळपास तेवढाच होता. बदलला होता तो ऑपरेशनचा उंबरठा. तो खाली आला आणि पूर्वी बाहेर थांबलेली माणसं आत शिरली.

रस्ता रुंद केला की वाहतूक मोकळी होण्याऐवजी वाहनंच वाढतात, तसं काहीसं हे झालं. त्या विमा योजनेत दर ऑपरेशनमागचा खर्च सुमारे २५ टक्क्यांनी उतरला, तरी पित्ताशयाच्या आजारावरचा एकूण खर्च ११ टक्क्यांच्या वर वाढला. मेरीलँडमधली दुसरी गोष्ट तर मला फारच विचार करायला लावणारी वाटते. दर ऑपरेशनमागे मृत्यूचं प्रमाण एक तृतीयांशानं कमी झालं. पण या ऑपरेशनशी संबंधित मृत्यूंची राज्यातली एकूण संख्या काही घटली नाही. एकेका माणसासाठी ऑपरेशन सुरक्षित झालं. मात्र आधी ज्यांच्यावर ते झालंच नसतं अशीही बरीच माणसं आता टेबलावर येत होती.

यात कुणाची लबाडी शोधायची गरज नाही, निदान सगळीकडे तरी नाही. नव्यानं आत आलेल्यांपैकी अनेकांना ऑपरेशनची खरोखर गरज होती. वर्षानुवर्षं कळा काढणाऱ्या, मोठ्या छेदाच्या भीतीनं घरी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं दुर्बिणीनं भलंच केलं. पण त्याच दारातून दुसरीही माणसं आली: खडे आहेत पण त्रास नाही अशी, किंवा त्रास आहे पण तो खड्यांचा नाही अशी. सर्जनच्या मनातलं 'इतपत त्रास असेल तर करावं' हे माप नकळत खाली सरकलं. रुग्णाच्या मनातलंही सरकलं. त्यात सोनोग्राफी स्वस्त आणि सोपी झाल्यानं कुणी शोधत नसलेले खडेही दिसू लागले.

आणखी एक गंमत आहे, ती तुमच्या जाऊबाईंच्या सल्ल्याला लागू पडते. ज्याला काही त्रासच नाही त्याचं पित्ताशय काढलं, तर ते ऑपरेशन बहुतेक वेळा 'यशस्वी' ठरतं. आधीही दुखत नव्हतं, नंतरही दुखत नाही. "बघ, करून टाकलं, आता काही त्रास नाही." न करताही त्रास झाला नसता का, हे त्या माणसाला कधीच कळणार नसतं. अशा समाधानी माणसांचे अनुभव एकावर एक साठत जातात आणि 'सगळेच करतात' हे आपोआप सिद्ध होतं. जाऊबाईंना आधी कळा येत होत्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असतील, तर त्यांचा निर्णय योग्यच होता, पण तो तुमच्या कामाचा नाही.

आता सर्जनचं वाक्य घेऊ: "आज ना उद्या काढावंच लागणार."

हे खरं असतं, तर मीही तुम्हाला लवकर करून घ्या म्हटलं असतं. पण मुक्या खड्यांवर, म्हणजे त्रास न देणाऱ्या खड्यांवर, लक्ष ठेवणारे जुने-नवे अभ्यास वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या १२३ कर्मचाऱ्यांच्या पित्ताशयात तपासणीत असेच खडे सापडले होते आणि त्यांच्यावर बरीच वर्षं नजर ठेवली गेली. पाच वर्षांत १० टक्क्यांना, दहा वर्षांत १५ टक्क्यांना आणि पंधरा वर्षांत १८ टक्क्यांना पित्ताशयाची कळ आली. बाकीच्यांचे खडे गप्पच बसले. हा अभ्यास १९८२ साली छापून आला. त्यात बहुतेक पुरुष होते, त्यामुळे तो तुम्हाला जसाच्या तसा लावता येणार नाही. इतर ठिकाणचे आकडे थोडे जास्तही आले आहेत. वर्षाला शंभरातल्या एकापासून चारांपर्यंत त्रास सुरू होतो, असं साधारणपणे धरतात. म्हणजे 'आज ना उद्या' असं नसून 'कदाचित, आणि बहुधा नाहीच' असं आहे.

आणि त्रास सुरू होतो तो बहुतेकांना आधी साध्या कळेच्या रूपानं. एकदम पू होणं, कावीळ होणं, स्वादुपिंडाला सूज येणं हे पहिलंच लक्षण म्हणून क्वचित घडतं. क्वचित घडतं, घडतच नाही असं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बहुतेकांना खडा इशारा देतो आणि निर्णय घ्यायला वेळही देतो. म्हणूनच ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पित्ताशय आणि पित्तनलिका ठीक असतील आणि लक्षणं नसतील, तर खड्यांवर उपचाराची गरज नाही.

तुमच्या आईची गोष्ट इथं आड येते, हे मला कळतं. त्या रात्रीचा धसका तुमच्या मनात आहे आणि 'थांबू' हा शब्द ऐकला की तोच वर येत असणार. पण दोन्ही थांबणं सारखं नाही. आई थांबल्या त्या कळा येत असताना. एकदा कळ आली की पुन्हा येण्याची शक्यता बरीच वाढते आणि दरवर्षी काही जणांत गुंतागुंतही होते. तुमच्या बाबतीत कळ आलेलीच नाही. आईंच्या वेळी ऑपरेशनची भीती जास्त होती म्हणून त्यांना जरुरीपेक्षा जास्त थांबवलं गेलं. आज भीती कमी झाली आहे म्हणून तुम्हाला जरुरीपेक्षा लवकर पाठवलं जात असेल. दोन्ही वेळा निर्णय ठरला तो छेद केवढा यावरून, पोटात काय चाललं आहे यावरून ठरला नाही.

'चार भोकं' या वर्णनाबद्दलही बोलायला हवं. भोकं बाहेरून चार आहेत, पाच ते दहा मिलिमीटरची. आतलं काम तेच राहतं. पूर्ण भूल देतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, पित्ताशयाची नळी आणि तिची रक्तवाहिनी शोधून क्लिप लावून कापतात आणि पित्ताशय यकृतापासून सोडवून बाहेर काढतात. सगळ्यांत धोक्याची जागा म्हणजे तिथून अगदी जवळून जाणारी मुख्य पित्तनलिका. ती चुकून कापली गेली तर पुढची वर्षं त्रासाची जातात. पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, वारंवार जंतुसंसर्ग, कधी यकृतावरही परिणाम. उघड्या पद्धतीत अशी इजा हजारातल्या एखाद-दुसऱ्याला व्हायची. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात हे प्रमाण हजारी पाचच्या आसपास गेलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या सर्जननी १९९१ साली १,५१८ रुग्णांची माहिती छापली, तीत एक गोष्ट उठून दिसते: सर्जनच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या तेरा रुग्णांमध्ये ही इजा २.२ टक्के होती आणि त्यानंतरच्या रुग्णांमध्ये ०.१ टक्का. हात बसेपर्यंतची किंमत रुग्णांनी मोजली. पुढे १९९५ साली स्ट्रासबर्ग या सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम घालून दिला: नळी आणि रक्तवाहिनी, दोन्ही सुट्या आणि स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. आज चांगल्या हातात हा धोका लहान आहे. पण तो शून्यावर आलेला नाही, आणि ज्याला त्रासच नाही त्याच्यासाठी लहान धोकाही महागाचा असतो.

हे सांगताना दुर्बिणीला नावं ठेवायची नाहीत मला. ऑपरेशन करायचंच ठरलं तर मीही तेच सुचवेन. वेदना कमी, मुक्काम कमी, आठवडा-दोन आठवड्यांत माणूस कामाला लागतो. सर्जनना आत नीट दिसत नसेल तर ते मध्येच पोट उघडायचं ठरवतात. तो पराभव समजू नका. तो त्यांच्या शहाणपणाचा भाग आहे. एक जुनी तुलना फार कमी लोकांना माहीत असते: १९९६ साली ब्रिटनमधल्या शेफील्डला दोनशे रुग्णांवर दुर्बीण आणि अगदी लहान छेद या दोन पद्धती ताडून पाहिल्या. रुग्णालयातला मुक्काम आणि बरं होण्याचा वेळ, दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि लहान छेदाचं ऑपरेशन लवकर उरकलं. तरीही जगानं दुर्बीणच निवडली. नवं यंत्र आपल्याला किती भुरळ घालतं, ते यावरून कळावं. आता यंत्रमानवाच्या हातांनी पित्ताशय काढण्याची जाहिरात काही ठिकाणी जोरात आहे. अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या विमा योजनेतल्या दहा लाखांहून अधिक रुग्णांची माहिती २०२३ साली तपासली गेली, तेव्हा पित्तनलिकेच्या इजेचं प्रमाण यंत्रमानवाच्या ऑपरेशनांत ०.७ टक्के आणि साध्या दुर्बिणीत ०.२ टक्के निघालं. नवं म्हणून आपोआप चांगलं, असं कुणी सांगितलं तर हे आकडे आठवा.

आता तुमचे करपट ढेकर. मला वाटतं, तुम्हाला खरी आशा इथंच लागली आहे: खडे गेले की पोटही शांत होईल. मला ही आशा थोडी मोडावी लागणार आहे. पोट फुगणं, ढेकर, छातीत जळजळ, जेवणानंतर जड वाटणं या तक्रारी खडे असलेल्यांमध्ये आढळतात आणि नसलेल्यांमध्येही तितक्याच आढळतात. पित्ताशय काढल्यावर त्या बऱ्याचदा तशाच राहतात. वर काही जणांना, साधारण दहात एकाला, नंतर पातळ शौचाचा त्रास सुरू होतो. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो.

पित्ताशयाची खरी कळ ओळखायला फारशी अवघड नाही. ती वरच्या पोटात मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली येते, वाढत जाते आणि मग एका पातळीवर घट्ट धरून राहते. निदान अर्धा तास टिकते, बऱ्याचदा काही तास. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाऊ शकते, झोपेतून उठवते, सोबत मळमळ किंवा उलटी असते. शौचाला जाऊन, ढेकर देऊन किंवा कूस बदलून ती जात नाही. आणि ती रोज येत नाही; येते तेव्हा माणसाला हातातलं काम सोडायला लावते. तुम्ही पत्रात जे लिहिलं आहे ते यात बसत नाही.

नेदरलँड्समध्ये हजारावर रुग्णांची एक मोठी चाचणी झाली, २०१९ साली तिचे निष्कर्ष आले. हे सगळे पोटदुखी आणि खडे असलेले लोक. एका गटात डॉक्टरांच्या नेहमीच्या पद्धतीनं ठरवलं, दुसऱ्यात लक्षणांची काटेकोर यादी लावून मगच ऑपरेशन. वर्षभरानं दोन्ही गटांत पूर्ण वेदनामुक्त झालेले लोक साठ टक्क्यांच्या आत-बाहेर. म्हणजे पोट दुखतं आणि खडे आहेत, या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही दहातल्या चार जणांचं दुखणं उरलंच. दुखणं खड्यांचंच होतं, असं गृहीत धरल्याचा हा परिणाम असावा. ब्रिटनमधल्या ४३४ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निकाल २०२३ साली आले, कळा येऊन गेलेल्या पण गुंतागुंत नसलेल्या लोकांना ऑपरेशन किंवा वेदनाशामक आणि देखरेख, अशा दोन वाटांवर ठेवलं. दीड वर्षात देखरेखीच्या गटातल्या फक्त २५ टक्के लोकांना ऑपरेशन करून घ्यावं लागलं आणि दोन्ही गटांच्या जगण्याच्या गुणवत्तेत फरक दिसला नाही. दीड वर्ष हा काळ तसा छोटाच. पण कळ आलेल्यांच्या बाबतीतही थांबणं हा वेडेपणा नाही, इतकं तरी त्यातून दिसतं. तुम्हाला तर कळही आलेली नाही.

यावर सर्जन म्हणतील, "लहान खडे निसटून नळीत अडकतात, मोठ्यापेक्षा तेच वाईट." हे चूक नाही. बारीक खडे नलिकेत उतरण्याची, स्वादुपिंडाला सूज आणण्याची शक्यता जास्त असते. तरीही निव्वळ खड्यांच्या आकारामुळे, लक्षणं नसताना सरसकट ऑपरेशन करण्याची शिफारस होत नाही, कारण असं घडण्याचं एकूण प्रमाणच कमी आहे.

मग त्रास नसतानाही काढावं, असे प्रसंग कोणते? आहेत, आणि ते तपासून घेतल्याशिवाय मी तुम्हाला 'निवांत राहा' म्हणणार नाही. पित्ताशयाच्या भिंतीत चुना साचलेला असेल, दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब, असेल, खडा तीन सेंटिमीटरच्या पुढचा असेल, किंवा रक्तपेशी फुटण्याचा जन्मजात आजार असेल, तर तराजू ऑपरेशनकडे झुकतो. पित्तनलिकेतच खडा उतरलेला असेल तर तो लक्षणं नसतानाही सहसा काढतात. पित्ताशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सगळीकडे सारखं नाही. चिले देश आणि उत्तर भारतातला गंगेकाठचा पट्टा इथं ते बरंच जास्त आहे, आणि अशा भागांत सर्जन लवकर काढा म्हणतात ते उगाच नाही. चिलेनं तर ३५ ते ४९ वयोगटासाठी या कर्करोगाला आळा घालणारी पित्ताशयाची शस्त्रक्रिया सरकारी हमीच्या योजनेत घातली आहे. तुमचं कुटुंब अशा भागातलं असेल, किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर ते सर्जनना जरूर सांगा. मग त्यांचा सल्ला वेगळ्या पायावर उभा असेल. नुसता मधुमेह आहे म्हणून मात्र आता कुणी पित्ताशय काढायला सांगू नये. ती जुनी समजूत होती.

तुम्ही डॉक्टरांवर संशय घ्यायचा नाही म्हणता, ते योग्यच. पण प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. पुन्हा त्यांच्याकडे जा, सोबत घरातलं शांत डोक्याचं माणूस न्या आणि साधं विचारा: "माझ्या रिपोर्टमध्ये असं काय आहे, ज्यामुळे तुम्हाला वाट पाहणं धोक्याचं वाटतं?" ऑपरेशन किती सोपं आहे हे त्यांनी सांगायला सुरुवात केली, तर नम्रपणे पुन्हा तोच प्रश्न विचारा. सोपेपणा हे कसं करायचं याचं उत्तर आहे. तुम्ही विचारत आहात ते का करायचं. त्यांनी पॉलिप, भिंत, कर्करोगाचा इतिहास यांतलं काही दाखवलं, तर नीट ऐका. काहीच दाखवता आलं नाही, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. शक्य असेल तर पोटविकारतज्ज्ञांचंही घ्या, कारण तुमच्या ढेकरांचा मुद्दा त्यांच्याच अखत्यारीतला आहे. त्यांची वेगळी तपासणी, वेगळे उपचार व्हायला हवेत. खड्यांच्या सावलीत त्या तक्रारी वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिल्या आहेत, असं मला तुमचं पत्र वाचून वाटतं.

खडे विरघळवण्याच्या गोळ्यांचाही कुणीतरी आग्रह करेल. लहान, कोलेस्टेरॉलचे खडे आणि नीट काम करणारं पित्ताशय असेल तर त्या काही जणांना लागू पडतात. पण महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना खडे परत होतात. त्रास नसताना त्यांच्या मागे लागू नका. मूत्रखड्यांसारखे बाहेरून लहरी सोडून पित्ताचे खडे फोडण्याचाही ऐंशीच्या दशकात मोठा गाजावाजा झाला होता. दुर्बीण आली आणि तो मागे पडला.

थांबायचं ठरलं, तर त्यातही करायचं काम आहे. वजन कमी करायचं असेल तर हळूहळू करा. झपाट्यानं उतरलेलं वजन खड्यांना आमंत्रण देतं आणि असलेल्या खड्यांनाही जागं करतं. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर म्हणूनच काही महिने औषध देतात. फार लांबलचक उपासही नकोत, कारण पित्ताशय रिकामं न होता पित्त साचून राहतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत बसायची गरज नाही. खडे मोजून काहीच बदलत नाही, फक्त काळजी वाढते. पॉलिप किंवा भिंतीबद्दल शंका असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टर सांगतील तेव्हा करा.

याच पानावर डोकावणाऱ्या इतर काही वाचकांसाठी: तुम्हाला वर वर्णन केलेली खरी कळ एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा येत असेल, तर या ताईंना दिलेलं उत्तर स्वतःला लावून घेऊ नका. तुमच्यासाठी दुर्बीण हा चांगला पर्याय आहे आणि तो रेंगाळत ठेवण्यात शहाणपण नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर सौम्य आजारात त्याच मुक्कामात पित्ताशय काढणं बरं, असं २०१५ साली छापलेल्या डच चाचणीनं दाखवलं आहे. पित्ताशयाला सूज आली असेल, तर पूर्वी 'आधी सूज उतरू दे, दीड महिन्यानं करू' म्हणायचे. आता पहिल्या आठवड्यातच करण्याकडे कल आहे. आणि ज्यांनी त्रास नसताना आधीच काढून घेतलं आहे, त्यांनी हे वाचून हळहळू नये. पित्ताशयावाचून माणूस नीट जगतो, पित्त थेट आतड्यात उतरतं, एवढाच फरक.

ताई, एवढं सांगूनही तुम्हाला रात्री झोप येणार नसेल, प्रवासात किंवा दूर कुठं असताना कळ आली तर काय, या विचारानं जीव टांगणीला लागणार असेल, तर तोही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. वैद्यकीय मदत जिथं पोहोचायला दिवस लागतो अशा ठिकाणी दीर्घकाळ राहायला जाणारी माणसं त्रास नसताना ऑपरेशन करून घेतात, आणि मी त्यांना चुकीचं म्हणत नाही. फक्त तो निर्णय धोका माहीत असून घेतलेला असावा, 'काही कळतसुद्धा नाही' यावर नव्हे. भीतीपोटी घेतलेल्या निर्णयाला निदान आठवडाभर मुरू द्या; मुक्या खड्यांच्या बाबतीत आठवड्यानं काहीही बिघडत नाही.

कुठल्या वेळी मात्र एक दिवसही थांबायचं नाही, ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: वरच्या पोटातली कळ पाच-सहा तास उलटूनही न ओसरणं, दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप येणं, डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, शौच पांढुरकं होणं, किंवा पाठीपर्यंत जाणारी असह्य वेदना आणि थांबत नसलेल्या उलट्या. यांतलं काहीही झालं तर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, हे सदर उघडत बसू नका. सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो तुमच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना खडे आधीपासून आहेत हे लगेच कळेल आणि पहिला तास वाचेल.